आत्याचा हक्क

धोंडूबाईनं भावाच्या डोक्याकडं पाहिलं आणि तिचं पित्त खवळलं. सोळा वर्षं भुजबली जरीचा रुमाल बांधून मुंबईच्या कौन्सिलात सरकारच्या बाजूनं बसला. आता एकोणीसशे छत्तीस साल सरत आलं, निवडणूक तोंडावर आली, तसा काँग्रेसमध्ये शिरला आणि डोक्यावर पांढरी टोपी चढली. निदान मापाची तरी शिवून घ्यायची!

काँग्रेसचे चार कार्यकर्ते घेऊन तो तिच्या निपाणीच्या घरी आला होता.

"आक्का, झालंगेलं विसर. आमच्या कमलाला तुझ्या पद्मराजला द्यायची म्हणतोय."

धोंडूबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. भावाची पोरगी सून म्हणून मागायचा तिचा हक्कच होता. कमला पाळण्यात असतानाच तिनं मागून ठेवली होती. पण बत्तीस साली पद्मराज झेंडा घेऊन निघाला, हिंडलग्याच्या तुरुंगात गेला, आणि ह्याच भावानं निरोप धाडला, 'कैद्याला पोरगी देत न्हाय.' तेव्हापासून दुसरं स्थळ आलं की कमला जेवण सोडून बसायची.

"आता कैदी चालतोय व्हय रं?"

"कैदी कशाला म्हणतीस? देशभक्त हाय त्यो! रविवारच्या सभेत सोयरीक जाहीर करतो. लोकास्नी लई आवडंल."

"आणि लगीन?"

भुजबली घुटमळला. "ते निवडणूक झाल्यावर बघू की."

"व्हय, निवडून आलास की मामलेदाराचा पोरगा बघशील! माझं पोरगं काय तुझ्या सभेच्या मांडवाचं तोरण हाय?"

पद्मराज दाराशी खाली मान घालून उभा. सरकारला न भ्यालेला पोरगा मामापुढं मुका! तिला त्याचाही राग आला. कमला त्यालाही हवी होती, तिलाही. पण भावाच्या सोयीनं नको.

तिनं डोक्यावर पदर घेतला आणि सरळ भावाच्या मोटारीत जाऊन बसली.

"आक्का, कुठं निघालीस?"

"सदलग्याला, तुझ्या घरी. आजच पोरीची ओटी भरते आणि इकडं घेऊन येते. लगीन ह्याच महिन्यात. का तुझी हरकत हाय? ह्या चौघांदेखत सांग."

कार्यकर्त्यांतला म्हातारा भरमा लगेच भुजबलीला म्हणाला, "देशभक्ताला पोरगी द्यायला हरकत कसली, आप्पासाहेब?"

चौघं भुजबलीच्या तोंडाकडं बघायला लागले, तशी त्यानं घसरलेली टोपी सावरली.

"न्हाय… हरकत न्हाय."

"मग बस पुढं. यल्लाप्पा, सोड गाडी."

ड्रायव्हर यल्लाप्पानं एकदा मालकाकडं बघितलं, एकदा धोंडूबाईकडं, आणि मोटार चालू करायचं हँडल मारायला खाली उतरला.