जाळरेषेवरचे माग

घरामागच्या झाडलेल्या पट्ट्यावर आत येणारे तेवीस माग होते. श्रुतिकाने ते दोनदा मोजले. उकिडवी बसून, एकेका मागाशेजारी माचिसची काडी खोचत ती नाल्यापासून शेजारच्या नितेशच्या भिंतीपर्यंत गेली. सशांचे सहा, मुंगसांचे चार, साळिंदरांचे दोन. शेपटी ओढत गेलेल्या घोरपडी तीन, मातीत नागमोडी ओळ सोडून गेलेले साप सात. आणि अगदी मधोमध बिबट्याचा एक. सगळे डोंगराकडून घराकडे आलेले. परत जाणारा एकही नव्हता.

"काय मोजतंस गो?"

गुणाजी खराटा घेऊन मागे उभा होता, अनवाणी.

"बाबा, काल संध्याकाळी तुम्ही झाडलंत तेव्हा इथे काही नव्हतं ना?"

"काय नव्हता."

"मग एका रात्रीत तेवीस? आणि आत येऊन गेले कुठे?"

"बोलावलंय त्यांका," जेवायला बोलावलेल्या पाहुण्यांबद्दल सांगावं तसं तो म्हणाला. "जाळ येतलो."

मुलुंडच्या डोंगराखालच्या रांगेतलं त्यांचं घर शेवटचं. मागच्या दारापासून थोडी मोकळी जागा, मग हा पट्टा, मग सरळ जंगल. गवत वाळलं की गुणाजी दरवर्षी सहा मीटर रुंदीचं गवत मुळापासून काढायचा आणि माती झाडून लख्ख करायचा. जंगल खात्याचे लोक त्याला जाळरेषा म्हणत. गावी काजूच्या बागेभोवती त्याच्या बापाने हेच केलं होतं. काम संपलं की त्या दिवशी तिन्हीसांजेला तो पट्ट्यात उभा राहून डोंगराकडे तोंड करायचा आणि मोठ्याने म्हणायचा, "आत येवा."

श्रुतिकाने वनस्पतिशास्त्रात एमएस्सी केली होती, पवईच्या एका प्रयोगशाळेत ती नोकरीला होती. पट्टा तिला पटत होता. हाक ही बाबांची हौस म्हणून तिने सोडून दिली होती. यंदा मात्र तिने सापांच्या भीतीने त्यांच्यासाठी गमबूट आणले. त्यासाठी वर्तमानपत्रावर त्यांचं पाऊल आखून मोजलं होतं, साडेचोवीस सेंटिमीटर. बूट आणल्या दिवसापासून दाराशी कोरे करकरीत उभे होते. पाय मातयेक लागाक व्हये, एवढंच बाबा म्हणाले होते.

भिंतीवरून नितेशने डोकं वर काढलं. "काय, जनगणना का? बिबट्याचं आधार कार्ड बघितलंस ना?"

"तुझ्याकडे आलं का रे काही?"

"माझ्याकडे कुत्रं पण येत नाय. सगळे तुझ्याकडेच, फुकटात राहायला."

त्याच दुपारी वणवा आला.

आधी डोंगराच्या कडेवर एक पिवळी रेघ दिसली, मग वाऱ्याने ती खाली ढकलली. बंब रस्त्यावरच अडकला. इतक्या वर पाइप पोचेना. गुणाजी ओलं गोणपाट घेऊन पट्ट्यात उतरला आणि उडून येणारी एकेक ठिणगी झोडपत राहिला. श्रुतिका बादल्या आणत होती. पट्ट्याच्या काठाशी येऊन जाळ कमरेएवढा उभा राहिला, थोडा वेळ तसाच थांबला आणि बसला. नितेशची ताडपत्री गेली. घराचा एक पत्रासुद्धा तापला नाही.

गुणाजी मातीत बसला. काहीतरी सांगायला त्याने तोंड उघडलं, पण आवाज आला नाही.

डॉक्टरांनी दोन दिवस ठेवून घेऊन घरी सोडलं. घसा सुजलाय, बोलायचं नाही. धूर छातीत खोल गेलाय, लक्ष ठेवा.

पट्ट्यावरची राख श्रुतिकाने स्वतः झाडली. दुसऱ्या सकाळी बाहेर जाणारे माग शून्य. तिसऱ्या सकाळीही शून्य. तिने पोटमाळा पाहिला, पाण्याच्या पिंपामागे बॅटरी मारली, खाटेखाली काठी फिरवली. गल्लीच्या तोंडाशी दुकानदाराचा कॅमेरा होता. त्यात नुसत्या रिक्षा दिसत होत्या. बिबट्या गेला असता तर अर्ध्या मुलुंडने पाहिला असता.

तरी घरचं मांजर उंबऱ्याच्या आत येईना. आणि आईचं चालणं बदललं होतं. लग्नघरात जमिनीवर माणसं झोपलेली असताना चालतात तशी रुक्मिणी स्वतःच्या घरात पाय उचलून चालायची. मोरीत गरम पाणी ओतण्याआधी क्षणभर थांबायची.

खाटेवर गुणाजी खोकत होता. खोकला थांबला की हात उचलून मागच्या दाराकडे दाखवायचा. पुन्हा पुन्हा.

"बाबांना काय हवंय, आई?"

"त्यांका परत पाठवूक व्हये." कोणाला, हे रुक्मिणीने सांगितलं नाही. "दरवर्षी तुझे बाबाच पाठवतत. तू म्हण आता. आधी घरातल्यांची नावां घेवची, हे रवतले म्हणायचां. मगे बाकीच्यांका सांगायचां, जावा."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

रुक्मिणीने पीठ परातीत ओढलं. "मगे रवतत. घरात असता तितकी जागा सगळ्यांका पुरणा नाय."

खाटेवरचा हात पुन्हा उचलला गेला. श्रुतिका उठली.

तिन्हीसांजेला ती पट्ट्यात उभी राहिली. नितेश भिंतीवर कोपरं टेकून मोबाइल धरून तयार होता.

"घे, काढतो व्हिडिओ. व्हायरल होशील."

"गप रे." तिचे कान तापले. "रुक्मिणी रवतली," ती म्हणाली. 'राहणार'चं मालवणी 'रवतली' तिच्या तोंडात नीट बसत नव्हतं. "श्रुतिका रवतली."

तिसरं नाव जिभेवर आलं. फॉर्मवर लिहिण्यापलीकडे, तोंडाने ते तिने कधी उच्चारलं नव्हतं. गल्लीतल्या पोराला हाक मारावी तसं बाबांचं नाव ओरडायचं, तेही नितेशसमोर.

"बाकीचे जावा," ती एका दमात म्हणाली आणि वळली.

आत भाकरी थापायचा आवाज थांबला होता. रुक्मिणी पिठाच्या हातांनी दारात आली.

"आणि ह्येंचा?"

"बाबा काय बाकीच्यांत येतात का, आई?"

रुक्मिणीने डोंगराकडे पाहिलं, मग खाटेकडे. तिचे ओठ हलले. लग्नात घेतलेल्या उखाण्यानंतर ते नाव तिच्या तोंडून निघालं नव्हतं. आजही निघेना. चुलीवरचा तवा धुरावला तेव्हा ती आत गेली.

सकाळी श्रुतिकाला जाग आली ती शांततेने. खोकला थांबला होता. खाटेशेजारी जमिनीवर आई चार दिवसांनी गाढ झोपली होती. घर मोकळं, हलकं वाटत होतं. मांजर उंबऱ्याच्या आत येऊन अंग चाटत होतं. बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते, चादर खांद्यापर्यंत. त्यांना उठवावंसं तिला वाटलं नाही. दाराशी गमबूट जागच्या जागी होते.

तेवीस काड्या मोजून घेऊन ती पट्ट्यात उतरली. ससे सहा. मुंगसं चार, साळिंदरं दोन. घोरपडी तीन, साप सात, बिबट्या एक. सगळे घराकडून डोंगराकडे गेलेले. काड्या संपल्या.

नाल्याच्या बाजूला आणखी एक माग होता. माणसाचा, अनवाणी. पावलं एकसारख्या अंतराने, कुठेही न थांबता, जळक्या गवतापर्यंत गेलेली.

श्रुतिकाने खिशातून टेप काढली आणि सगळ्यांत स्पष्ट उमटलेल्या पावलाशी बसली. टाचेपासून अंगठ्यापर्यंत साडेचोवीस सेंटिमीटर.