ओदिलची खुर्ची

ओदिलने घडीची खुर्ची उघडली, लाम्बियोतसाहेबांच्या शेजारी मांडली आणि रंगांची पेटी टेबलावर ठेवली. प्रकाशकाचा माणूस लगबगीने आला.

"बाई, इथे फक्त पुस्तकाचे कर्ते बसतात."

"मग बरोबर जागी बसलेय मी," ओदिल म्हणाली.

लिएजमधल्या त्या पुस्तकाच्या दुकानाबाहेर रांग लागली होती. आमच्या बेल्जियममध्ये लोक एखाद्या मंत्र्याचं नाव विसरतील, पण चित्रकथा काढणाऱ्याचं नाही. नवं पुस्तक निघालं की त्याच्या कोऱ्या पहिल्या पानावर चित्रकाराकडून चित्र काढून घ्यायचं, आणि त्यासाठी तासन्‌तास ताटकळायचं. साहेब काळ्या शाईने रेषा काढायचे, मी फुग्यांतले संवाद लिहायचो. आणि रंग? वीस वर्षं प्रत्येक पान ओदिलने रंगवलं, तिचं नाव मात्र एकाही पुस्तकावर नव्हतं. यंदाही छापणार नाही असं प्रकाशकाने सांगितलं, तेव्हा साहेब खिडकीबाहेर बघत राहिले. माणूस भला, पण मूग गिळून बसण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. मला त्यांचा संताप आला होता.

आज उठवलं तर पुन्हा कुंचला धरणार नाही, असं ओदिलने येताना मला बजावलं होतं.

पोलाद कारखान्यातल्या एका आडदांड कामगाराला साहेबांनी आमच्या कथेतला घोडा काढून दिला. ओदिलने न विचारताच पुस्तक ओढून घेतलं आणि घोड्यावर तिचा तो विटकरी तांबडा चढवला. गडी बघतच राहिला.

"म्हणजे हा रंग तुमचा होय? माझी पोरगी याला तांबडोबा म्हणते."

झालं. आता रंगाशिवाय कोणी जागचं हलेना. रांग रखडली. प्रकाशकाचा माणूस घड्याळ दाखवून दमला आणि शेवटी खुर्ची उचला म्हणाला. त्यावर रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "बाईंना राहू दे. उचलायचीच हौस असेल तर आतून एक माझ्यासाठी आण. पाय दुखतायत." सगळी रांग हसली. तो गेला तो परत आलाच नाही.

म्हातारीचा घोडा रंगवून झाला. तिने पुस्तक उचललं नाही.

"तुमची सही राहिली."

ओदिलचा कुंचला थांबला. पानाच्या तळाशी साहेबांची सही या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेली. तिने कडेला, अंग चोरून आपलं नाव लिहिलं. तांबडोबावालाही आपलं पुस्तक घेऊन पुन्हा रांगेच्या शेपटाला जाऊन उभा राहिला.

पुढच्या पुस्तकावर साहेबांनी घोडा काढला, डाव्या कोपऱ्यात आखूड सही केली आणि उरलेली जागा मोकळी ठेवून पुस्तक तिच्याकडे सरकवलं.