इओसिनोफिल चाळीस

कोराडी वीजकेंद्राच्या कोळशात तीस वर्षं काढून धोंडबाची फुप्फुसं कामातून गेली होती. श्वासातून ओढायचा स्टेरॉइडचा पंप लागल्यापासून वर्षात दोनदा न्यूमोनिया झाला, तरी नंदनवन वस्तीतले डॉक्टर पुन्हा तोच पंप लिहू लागले.

धोंडबानं रक्ताचा रिपोर्ट टेबलावर आपटला. "इओसिनोफिलच्या पेशी चाळीस. शंभराच्या खाली असल्या तं स्टेरॉइडचा फायदा कमी अन् निमोनियाचा धोका जास्त, मोठ्या दवाखान्यात सांगतलं मले. बिनस्टेरॉइडचा पंप लिहा."

"आजोबा, मी सगळ्यांना हाच देतो."

"सगळ्याइचं रक्त एकच म्हणून जातपात मानणाऱ्याइसंग जनमभर भांडलो मी," धोंडबा धापा टाकत उसळला. "तवा कोणी मानलं नाही. आज माह्यं वेगळं निघालं, तं तुम्ही एकच म्हणून राहिले?"