बीजगणिताचं पारायण

तेलगावच्या शिवकन्येला बाहेरून दहावी द्यायची होती, आणि दोनदा फॉर्म भरूनही ती तिच्या हातून दिली गेली नव्हती. पहिल्या साली ती परीक्षेला गेलीच नाही. दुसऱ्या साली गेली, पण बीजगणिताच्या पेपरला अर्धा तास झाल्याची घंटा पडताच कोरा पेपर देऊन घरी आली. आता गावात अंगणवाडीच्या ताईची जागा निघणार होती आणि तिला दहावीची अट होती. नवऱ्याच्या किराणा दुकानात शांपूच्या नव्या पुड्यांच्या माळा टांगण्यात जन्म काढायचा नाही, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. मनाशी पक्कं करायला काय जातं? अडचण दुपारी दोनला यायची.

दुपारी दोनला रेडिओवर बाहेरून परीक्षा देणाऱ्यांसाठी पाठ लागायचा. रेडिओतले गुरुजी फार सज्जन. कुणाला उभं करत नसत, छडी मारत नसत, मधून मधून फक्त "समजलं ना?" म्हणून विचारत. शिवकन्या मोठ्या माणसाचा मान राखून "जी" म्हणायची आणि डाळ निवडायला लागायची. डाळ झाली की डोळा लागायचा. जाग यायची तेव्हा रेडिओवर कपाशीवरच्या अळीची माहिती चाललेली असायची, आणि ती मात्र तिला बरीच पाठ झाली होती. नवरा मन्मथ म्हणाला की अंगणवाडीचं राहू दे, शेतकी खात्यात अर्ज कर. तिला हसू आलं आणि मागोमाग रडू आलं. एकटीनं शिकायचं म्हणजे चुकलं तर रागवायलाही कुणी नाही, हे तिला फार लागत होतं.

सासू मल्लम्मा अक्षरशत्रू होती, पण श्रावणातलं एकही पारायण तिनं आजवर चुकवलं नव्हतं. सुनेचं दुखणं तिला बरोबर कळलं.

"तू पोथी आडवी पडून वाचतीस, कावून शिरंल ती डोक्यात?" ती म्हणाली. "आपण बसवू. एकदा बसवली की मधी सोडता येत न्हाई."

सोमवारी दुपारी दोनच्या पाठाआधी तिनं चौरंग मांडला, बीजगणिताच्या पुस्तकाला बेल वाहिला, रेडिओवर विभूतीची तीन बोटं ओढली आणि नारळ फोडून सुनेकडून संकल्प करवून घेतला. परीक्षा संपेपर्यंत खंड नाही. वाचणारी उठेपर्यंत ऐकणाऱ्यांनी उठायचं नाही, पाणी प्यायचं नाही, हा तर नेमच. ऐकायला शेजारच्या साखराबाई आणि भिवराबाई आल्या. कुठला ग्रंथ, ते त्यांनी विचारलं नाही. ग्रंथ तो ग्रंथ.

पहिले दिवस सुखात गेले. शिवकन्या चालीवर वाचायची आणि क्ष आला की साखराबाई हात जोडायची. पण पोथीचा अर्थ सांगावा लागतो, आणि भिवराबाई अर्थाशिवाय जागची हलणारी बाई नव्हती. दोन नळांनी टाकी भरण्याचं गणित निघालं, तेव्हा तिनं विचारलं की गावात नळ एक, तोही दोन दिवसांआड येतो, तर हा दुसरा कुणाच्या दारात बसवला? शिवकन्येला नळाचं सांगता येईना आणि गणिताचंही. रेडिओतले गुरुजी "समजलं ना?" म्हणाले, तशी भिवराबाई ठणकावून "न्हाई" म्हणाली.

शिवकन्येला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवसापासून ती पहाटे उठून पुढचा धडा आधीच सोडवू लागली. पास होण्यासाठी नव्हे, भिवराबाईला तोंड दाखवता यावं म्हणून. नळांच्या जागी तिनं साखराबाई आणि भिवराबाईच्या सुना घातल्या. एक सून एकटीनं हौद भरते, दुसरी एकटीनं भरते, तर दोघी मिळून किती वेळात भरतील?

"दोघी मिळून लागल्या तर दिवसभर भरत न्हाई," भिवराबाई म्हणाली. पण गणित तिला कळलं होतं.

मार्चमध्ये धारूरला परीक्षा लागली. समाप्तीला श्रोते नाहीत असं कुठं असतं, असं म्हणून बीजगणिताच्या दिवशी तिघीही तिच्याबरोबर टेम्पोत चढल्या.

बीजगणिताचा पेपर हातात पडला आणि शिवकन्येचं डोकं पुसल्या पाटीसारखं कोरं झालं. अर्ध्या तासाची घंटा पडली. पुढच्या बाकावरचा एक जण पेपर देऊन निघाला, आणि त्याच्या पाठोपाठ तीही उठली. उठता उठता तिची नजर खिडकीबाहेर गेली.

कुंपणापलीकडं लिंबाच्या झाडाखाली तिघी मांडी घालून, पाठ ताठ करून, शाळेकडं तोंड करून बसल्या होत्या. सावली सरकून ऊन अंगावर आलं होतं, त्या सरकल्या नव्हत्या. शिपाई पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता आणि मल्लम्मा, जिला घटकाभर मशेरीवाचून करमत नसे, त्याला मानेनंच नको म्हणत होती. सासूचा आपल्यावर एवढा जीव आहे, हे शिवकन्येला त्या खिडकीतच कळलं. थोडा रागही आला, कारण आता पळून जायची सोय उरली नव्हती.

ती खाली बसली. समोर भिवराबाई बसलीय असं धरून पहिलं गणित लिहायला लागली, अडलं तिथं खोडून पुन्हा लिहिलं, आणि उठली ती शेवटच्या घंटेलाच.

बाहेर आली तर मल्लम्माला उभं राहता येईना. पायांना मुंग्या आल्या होत्या. दोघींनी बखोटं धरून तिला उठवलं.

"झाली का समाप्ती?" तिनं विचारलं.

"बीजगणिताची झाली, आत्याबाई. उद्या भूमिती हाय."

तिघींनी एकमेकींकडं पाहिलं. मल्लम्मानं गुडघे चोळले.

"मंग उद्या खाली टाकायला पोतं आणू," ती म्हणाली.