गाडीभर कान

“माझ्याच गाडीवर चित्रं कशाला?” ड्रायव्हरने विचारलं.

“एकट्या तुझ्या नाही रे बाबा. शहरात सहा गाड्या रंगवायच्यात, त्यात तुझी निवडलीय,” मुकादम म्हणाला. “चित्रकार बाई चार दिवस तुझ्याबरोबर फिरतील. मग गाडी रंगवायला जाईल.”

ड्रायव्हरच्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच. सव्वीस वर्षं कचऱ्याची गाडी हाकली, तेव्हा कुणी साधा पत्रा ठोकून दिला नाही, आणि आता एकदम चित्रं? कुठेतरी पाणी मुरत होतं.

भीतीला कारणही होतं. खिडकीच्या बाजूचा त्याचा कान दोन वर्षांपूर्वी पार गेला होता. हे ठाऊक होतं दोघांनाच, बायकोला आणि लंबूला. लंबू गाडीच्या मागे असायचा, डबे उचलून आत रिकामे करायचा. बाकीच्या गाड्यांवर मागची माणसं ‘चला’, ‘थांबा’ असं ओरडतात. लंबू मात्र पत्र्यावर थाप मारायचा. दोन थापा म्हणजे चला, एक म्हणजे थांबा. थाप अशी दणकून, की ती ड्रायव्हरच्या पाठीला कळायची. असं करायचं, हे दोघांनी बसून कधी ठरवलं नव्हतं. एके दिवशी लंबूने आपण होऊन सुरू केलं, बस्स.

चित्रकार बाई आल्या, शेजारच्या सीटवर बसल्या आणि वही उघडली. बाई बोलायला गोड होत्या, पण नजर सारखी भिरभिरती. दुसऱ्याच दिवशी त्यांनी विचारलं, “काका, तुमच्या गाडीवर हाक का मारत नाहीत? पत्रा का वाजवतात?”

“सवय,” ड्रायव्हर म्हणाला आणि उगाचच हॉर्न दाबला.

तिसऱ्या दिवशी त्या चहा आणायला उतरल्या आणि वही सीटवर राहिली. त्याने पान उलटलं. कान. पुढचं पान उलटलं, तिथेही कान. लहान, मोठे, एका बाजूने, मागून, पानंच्या पानं नुसते कान! त्याने वही मिटून होती तशी सीटवर ठेवली.

दुपारी त्याने लंबूला गाडीआड गाठलं. “कुणाला सांगितलंस?”

“काय सांगितलं?”

“साळसूदपणा करू नकोस. माझी बायको काही ऑफिसात जाऊन सांगणार नाही. उरलास तू. अवजड गाडीचं लायसन्स कशाला काढलंस ते आता कळलं मला. माझी सीट हवीय ना तुला?”

लंबूने हातातला डबा खाली ठेवला.

“उस्ताद, एकोणीस वर्षं झाली,” एवढंच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी लंबूने मुकादमाला सांगून दुसरी गाडी मागून घेतली. ड्रायव्हरने घरी सांगितलं, “बघ, चोराच्या मनात चांदणं!” बायको भाजी निवडत होती. “अहो, तुम्हाला हल्ली सगळं जगच चोर दिसतं,” ती म्हणाली आणि उठून आत गेली.

आठवड्याने गाडी रंगून आली. एका अंगाला वरपासून खालपर्यंत खिडक्याच खिडक्या, आणि प्रत्येक खिडकीत माणूस. कुणी अर्धे केस विंचरलेलं, कुणाच्या तोंडात दात घासायचा ब्रश, एक म्हातारा पेपर खाली करून थांबलेला. सगळ्यांनी रस्त्याकडे कान टवकारलेले.

“गाडी यायच्या वेळेला सगळी गल्ली कान देऊन असते, पाहिलंय ना तुम्ही?” बाई म्हणाल्या. “तेच काढलंय. पण कान काढणं फार अवघड हो. पन्नास वेळा खोडले असतील. जमलेत का?”

“जमलेत,” ड्रायव्हर म्हणाला. त्याला त्यांच्याकडे बघवेना.

लंबूला जाऊन भेटायचं त्याने ठरवलं, आणि दोन दिवस नुसतं ठरवतच राहिला. तिसऱ्या दिवशी एका अरुंद गल्लीत तो गाडी मागे घेत होता. मागे खिडकीच्या बाजूला नवा माणूस होता, तो ओरडत होता ‘थांबा, थांबा’. ड्रायव्हरला काहीच ऐकू आलं नाही. समोरून एक बाई दोन्ही हात हलवत धावत आली, तेव्हा त्याने ब्रेक दाबला. नवा माणूस भिंत आणि गाडीच्या मधे उभा होता, पाठ भिंतीला टेकलेली. मधे जेमतेम वीतभर जागा उरली होती. त्याच्या पायाशी डब्याचा चपटा पत्रा झाला होता.

त्या दुपारी ड्रायव्हरने किल्ली मुकादमाच्या टेबलावर ठेवली.

“माझा एक कान गेलाय. दोन वर्षं झाली.”

मुकादम उडालाच. “दोन वर्षं? मग आजवर निभावलं कसं?”

“लंबूने निभावलं. त्याला बोल लावू नका. मी पाया पडलो म्हणून गप्प होता तो.” हे खोटं होतं. तो कधी लंबूच्या पाया पडला नव्हता. “गाडी त्यालाच द्या. रस्ता त्याला पाठ आहे.”

ड्रायव्हरला पालिकेच्या गोदामाच्या फाटकावर राखणीला बसवायचं ठरलं.

संध्याकाळी तो लंबूच्या घरी गेला. तिसऱ्या मजल्यावरची खोली. लंबूच्या बायकोने दार अर्धंच उघडलं.

“ते घरी नाहीत.”

लंबूच्या लांबलचक चपला दारातच होत्या. ड्रायव्हरला त्या दिसल्या, आणि दिसल्या हे तिलाही दिसलं.

“असू दे वहिनी,” तो म्हणाला. मग आवाज थोडा चढवून, आतपर्यंत जाईल असा, “त्याला म्हणावं, उद्यापासून गाडी त्याच्याकडे. ब्रेक जरा खाली लागतो, उताराला आधीच पाय ठेवायचा. आणि मी चुकलो, म्हणावं.”

“सांगते,” ती म्हणाली, आणि तो जिना पुरता उतरेपर्यंत तिने दार लावलं नाही.