कानबाईपुढची गिटार

सोमवारी कानबाई देवीच्या मिरवणुकीत बँजो वाजणार की गिटार, याचा निकाल शनिवारी दुपारी सुंदरामावशी देणार होती. नवागामच्या त्या गल्लीत कानबाईची गाणी तीच उचलायची; तिच्यावर अपील नव्हतं. साड्यांच्या कारखान्यात घड्या घालणाऱ्या योगेंद्रला दोन दिवस जेवण गेलं नव्हतं.

त्याच्या गिटारीचा आवाज लखलखीत, धारदार. पण शेजारचे लूम, म्हणजे यंत्रमाग, सुरू झाले की त्यात घूंऽऽ मिसळायचं. पिकअप म्हणजे तारांखालचं लोहचुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली बारीक तार. गुंडाळी एकच असली की ती गिटारीचं ऐकता ऐकता लूमच्या मोटारींचंही ऐकते. काही माणसंही अशी असतात.

"हाई काय शे रे भो? डब्बामा भुंगा कोंडेल शे का?" मावशीने आधीच विचारून ठेवलं होतं.

म्हणून योगेंद्रने लूमच्या मोटारींच्या जळालेल्या गुंडाळ्या नव्याने भरणाऱ्या हेमराजकाकाला गाठलं. दोन गुंडाळ्या शेजारी बसवायच्या, त्याला म्हणतात हंबकर. एकीतला भुंगा दुसरी खाते. काकाने दोन्ही गुंडाळ्या हुबेहूब सारख्या भरल्या. लूम सुरू झाले. भुंगे दोन झाले.

"काम तर पक्कं शे," काका म्हणाला. होतंही. पण इथे एक गुंडाळी दुसरीच्या विरोधात हवी होती.

"काका, एकीची टोकं उलटी जोड. तिचं लोहचुंबकही पालथं घाल."

"मुद्दाम उलटं? गिऱ्हाईकनी देखं तर धंदा बसी जाई!"

तरी केलं. लूम धडधडत राहिले, अ‍ॅम्प्लिफायर गप्प. योगेंद्रने तार छेडली. जाड, गुबगुबीत, तुपात भिजलेला आवाज निघाला. कुणी मोठा माणूस आल्यासारखा काका स्टुलावरून उठून उभा राहिला.

शनिवारी मावशीने डोळे मिटून ऐकलं. सगळी गल्ली दारात.

"भुंगा गया," ती म्हणाली. "पण हाऊ आवाज पोटभर जेवेल शे. ढोलना मांगे झोपी जाई."

योगेंद्रचा चेहरा उतरला. काकाने मात्र गिटार ओढून घेतली आणि एक गुंडाळी बंद करणारं बटण तिथेच बसवून दिलं. दाबलं, तर धारदार आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. सोबत भुंगाही आला.

"राहू दे त्याले," मावशी म्हणाली. "मिरवणूकना रस्तावर लूम कोठे शेतस? घरमा जाडा वाजाड, रस्तावर बारीक. बँजोवालाले सांगी दे, नको येऊ."

योगेंद्रने तिथेच कानबाईचं गाणं धरलं. मावशी पदर खोचून फेरात उतरली, मागून बायका. सोमवारसाठी दम राखून ठेवायला हवा, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही.