रविवार सोडून

टीव्ही बिघडलाय हे मीटरकाकांना कळलं ते एका मंगळवारी दुपारी. बायको जाऊन महिना होत आला होता, आणि इतक्या दिवसांत दुपारचा टीव्ही कुणी लावला नव्हता. जेवण झालं, ताट विसळून ठेवलं आणि काका खुर्चीत येऊन बसले. बातम्यांमध्ये एक माणूस दुसऱ्यावर ओरडत होता. त्याचं तोंड उघडं असतानाच पडदा काळा झाला. काकांना वाटलं, वीज गेली. पण डोक्यावर पंखा फिरत होता. त्यांनी उठून वायर हलवून पाहिली, रिमोटचं बटण दाबलं, आणि टीव्ही निमूट परत लागला. तो माणूस अजून ओरडतच होता.

बुधवारी पुन्हा तेच. गुरुवारीही. अडीच वाजले की टीव्ही डोळे मिटायचा. लावला की लागायचा, पण काकांच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

मीटरकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. उभा जन्म त्यांनी पडद्यांच्या आणि चादरींच्या कापडाच्या दुकानात काढला, हातात लोखंडी मीटरपट्टी घेऊन. गल्लीनं त्यावरून नाव पाडलं आणि ते चिकटलं. माणसाला कसं गिऱ्हाईक करतात हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. शोकेसमध्ये टांगून उन्हानं विटलेलं कापड उलटी घडी घालून नवं म्हणून कसं द्यायचं, आधी महागातलं दाखवून मग मधलं कसं गळ्यात मारायचं, सगळं त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. त्यामुळे दुसऱ्याच्या दुकानात शिरताना ते खिशावर हात ठेवूनच शिरायचे. बायकोला तर मोठी खरेदी एकटीनं कधी करू दिली नाही. "तुझा चेहराच गिऱ्हाइकाचा आहे," असं म्हणायचे.

"आणि तुमचा दुकानदाराचा," ती म्हणायची. "म्हणून तर आपलं जमलं."

तेवढा एक टीव्ही तिनं एकटीनं आणला होता. गेल्या वर्षी जुना टीव्ही बंद पडला तेव्हा काका म्हणत राहिले, भाव उतरू दे, थांबू. एक दिवस ती पर्स घेऊन निघाली आणि संध्याकाळी टेम्पोत पुढं बसूनच परत आली. काकांनी खोक्याभोवती एक फेरी मारली. खोक्याची चिकटपट्टी उचकटून परत लावल्यासारखी दिसत होती.

"शोपीस आहे हा," ते म्हणाले. "दुकानात दिवसरात्र चालवलेला. तुझ्या गळ्यात मारलाय."

"मारू दे. चित्र दिसतंय ना?"

तो वाद तिथंच राहिला होता. आता त्याचा निकाल लागत होता, आणि ऐकायला ती नव्हती. काकांना पैशांचं फारसं पडलेलं नव्हतं. त्यांना एवढंच हवं होतं, की त्या दुकानानं आपल्या तोंडानं कबूल करावं: बाई एकटी आली, आम्ही तिला फसवलं.

तक्रार नोंदवली. एका सकाळी दुरुस्तीवाला आला, पाठीला पिशवी, कानात वायर. टीव्ही लख्ख चालत होता.

"छान चाललाय की, काका."

"आत्ता चालणारच. डॉक्टर दारात आला की रोग्याला बरं वाटतं. अडीचला ये."

"अडीचला मी दुसऱ्या टोकाला असतो." त्यानं रिमोटकडे हात केला. काकांनी तो आधीच उचलून खिशात घातला.

रिमोट प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला होता, वर रबर. चॅनेल तिनं लावले होते: एकवर बातम्या, दोनवर जुनी गाणी, तीनवर खेळ. पुढचं काकांना माहीत नव्हतं. चालू-बंदच्या, आवाजाच्या आणि आकड्यांच्या बटणांवर तिनं नेलपॉलिशचे लाल ठिपके दिले होते. "लाल तेवढी तुमची," तिनं बजावलं होतं. "बाकीच्यांना हात लावायचा नाही. मग सगळं कालवून ठेवता आणि मला हाका मारता." काकांनी खरंच लावला नव्हता. आणि हा परका माणूस येऊन फटाफटा दाबणार?

"रिमोट मिळणार नाही," काका म्हणाले. "मागून उघड, काय ते मागून बघ."

"अहो काका, सेटिंग तर बघू द्या."

"सेटिंग माझ्या बायकोनं केलंय. ते बरोबर आहे."

दुरुस्तीवाल्यानं खांदे उडवले, मागचं झाकण काढलं, एक हिरवी पट्टी काढून दुसरी बसवली आणि गेला. दुसऱ्या दिवशी अडीचला टीव्ही बंद.

काकांनी इतके फोन केले की शेवटी तो म्हणाला, "रविवारी येतो. तेवढाच वार मोकळा आहे. तुमच्यासमोर बसतो अडीचपर्यंत, मग तर झालं?"

रविवारी मुलगाही यायचा, दर रविवारी जेवायला यायचा. जेवण झाल्यावर तिघं रांगेत बसले, निकाल ऐकायला बसावं तसे. अडीच वाजले. पावणेतीन झाले. टीव्ही आपला बडबडतोय. दुरुस्तीवाल्यानं मुलाकडे पाहिलं. मुलानं दुरुस्तीवाल्याकडे पाहिलं. ती नजरानजर काकांनी टिपली.

"व्होल्टेज असेल, काका."

"बाबा, तुम्हाला डुलकी लागत असेल. आई असताना तुम्ही खुर्चीतच घोरायचात. मी सुट्टीच्या दिवशी फोन केला की आई म्हणायची, हळू बोल, साहेब झोपलेत."

"तेव्हा लागायची! आता डोळ्याला डोळा लागत नाही. मी टक्क जागा असतो, आणि तो बंद होतो!"

"बरं," मुलगा म्हणाला. "मी म्हणतो तसं आमच्याकडे चला ना थोडे दिवस. तिथं टीव्ही आहे."

सोमवारी अडीचला टीव्ही बंद पडला तेव्हा काकांनी हिशेब मांडला. दुरुस्तीवाला आला की चालतो. मुलगा आला की चालतो. मी एकटा असलो की बंद. कुठंतरी पाणी मुरतंय. हल्ली फोनवरून काहीही करता येतं म्हणतात. आणि मुलगा तरी धुतल्या तांदळासारखा कशावरून? बापाला भ्रम झालाय असं ठरलं की घर बंद करून त्याला न्यायला मोकळा. असा विचार आला याची काकांना लाज वाटली, पण विचार गेला नाही.

त्यांनी शेजारच्या शिंपीणबाईंना साक्षीला बोलावलं. मशीन सोडून, गळ्यात टेप तशीच ठेवून त्या आल्या आणि चित्रफीत घ्यायला काकांचा फोन धरून उभ्या राहिल्या. मागं भिंतीवरचं घड्याळही दिसेल असं काकांनी त्यांना उभं केलं.

"डावीकडे सरका थोड्या. हं, तिथंच."

"काका, माझ्या लग्नात फोटोवाल्यानं एवढं सरकवलं नव्हतं. आणि काय हो, नाही बंद पडला तर माझी शिलाई कोण..."

टीव्ही बंद पडला.

"अगंबाई, गेलाच की हो!" शिंपीणबाई म्हणाल्या, आणि लगेच जीभ चावली. मग हळूच म्हणाल्या, "दुकानवाल्यांना सोडू नका."

काकांनी सोडलं नाही. दुकानात जाऊन त्यांनी मॅनेजरच्या नाकासमोर फोन धरला. मॅनेजरनं चित्रफीत पाहिली, संगणकात पाहिलं, दुसऱ्या फोनवर कुणाशी तरी बोलला आणि म्हणाला, "दुरुस्ती होऊनही बिघाड कायम आहे. नियमात बसतंय. पैसे परत घ्या, नाहीतर तेवढ्याचा दुसरा निवडा."

"ते ठीक. आधी कबूल करा."

"काय कबूल करू?"

"शोपीस होता. बाई एकटी बघून तिला दिलात."

"नाही हो काका. खोकं फोडून चालतो का बघून देतो आम्ही, सगळ्यांनाच. म्हणून पट्टी दोनदा लागते."

"चोराच्या उलट्या बोंबा!" काका इतक्या मोठ्यानं म्हणाले की दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघू लागली. "ती गेली म्हणून तुमचं फावलं. फसवलंत तिला! मेलेल्या माणसाला फसवलंत!"

मॅनेजरचा चेहरा पडला. त्यानं कागदावर शिक्का मारून तो पुढं सरकवला. दुसऱ्या दिवशी टेम्पोवाले टीव्ही घेऊन गेले. रिमोट मात्र काकांनी त्यांना दिला नाही. म्हणाले, "नवा घ्यायला येईन तेव्हा मी स्वतः आणून देईन."

गुरुवारी दुपारी काका नवा टीव्ही निवडायला गेले. भिंतभर टीव्ही लागले होते आणि सगळ्यांवर एकच पोपट एकाच वेळी उडत होता. काका लांब उभे राहिले. रंग भडक करून ठेवलेले, वर दिवे मुद्दाम मंद. कापडाला दिवा मोठा करतात, इथं लहान, धंदा तोच.

दुकानातली विक्रीवाली मुलगी जवळ आली. त्या दिवशीचा तमाशा तिनंही पाहिला असणार, पण तसं तिनं दाखवलं नाही.

"आधी तो कोपऱ्यातला महागडा दाखवशील," काका म्हणाले. "मी नको म्हणेन. मग हा मधला काढशील. सरळ मधल्यापासूनच सुरू कर."

ती हसली. "काका, तुम्ही या धंद्यातले का?"

"कापडातला."

"मग माझी सुट्टीच झाली. बरं, घरी कोण कोण बघणार?"

"मी."

"बघता बघता झोप लागते?"

काकांच्या कपाळाला आठी पडली. "तुला कशाला हव्यात या चौकशा?"

"तसं नाही हो. लागत असेल तर यात वेळ लावून देते. माझ्या आजोबांना लावून दिलीय. ते झोपले की टीव्ही बोंबलत राहायचा आणि दचकून उठायचे. आता ठरल्या वेळी आपोआप बंद होतो. वारसुद्धा निवडता येतात, रोज हवा की काही दिवस."

भिंतीवरचे सगळे पोपट पुन्हा फांदीवर येऊन बसले. काकांनी खिशातून रिमोट काढला, रबर सोडलं आणि प्लास्टिक उलगडलं.

"यावर आहे का ते?"

"असणारच. हे बघा, हे खालचं."

त्या बटणावर लाल ठिपका नव्हता.

"माझा टीव्ही कुठं ठेवलाय?"

तो मागच्या गोदामात होता, भिंतीला टेकवून, काचेवर पिवळी चिठ्ठी: बिघाड. आजूबाजूला आणखी दोन-तीन तसेच. मुलीनं वायर ओढून आणली, टीव्ही लावला, काकांच्या हातून रिमोट घेतला. या वेळी काकांनी दिला. तिनं चार-पाच बटणं दाबली, पडद्यावर निळ्या पाट्या आल्या आणि गेल्या.

"हे काय," ती म्हणाली आणि वाचू लागली. "बंद होण्याची वेळ, दुपारी अडीच. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार. रविवार सोडून." तिनं वळून पाहिलं. "कुणी लावलं हो हे?"

काका एका खोक्यावर बसले.

जेवलं की त्यांची मान कलंडायची ती दोनच्या सुमाराला. जाग यायची तेव्हा घर शांत असायचं, टीव्ही बंद, खिडकीचा पडदा ओढलेला. त्यांना वाटायचं, तीच बंद करते. एकदा त्यांनी विचारलंही होतं, "मी बघत होतो ना? बंद का केलास?" आतून ती म्हणाली होती, "मी हातसुद्धा लावला नाही." आणि काकांना वाटलं होतं, खोटं बोलतेय. रविवारी मुलगा असायचा. गप्पा व्हायच्या. रविवारी दुपारी काका झोपत नसत.

अडीच वाजता टीव्ही बंद होताना त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. ती असेपर्यंत त्या वेळी ते कधी जागे नव्हते.

"काका, पाणी देऊ?"

"नको."

"मग हा बिघडलेला नाहीच की हो," मुलगी म्हणाली. तिला ते आत्ता उमगलं होतं. "त्या दुरुस्तीवाल्यानं एवढं साधं बघितलं नाही?"

"बघणार होता. मी बघू दिलं नाही."

"मी सरांना सांगते. चिठ्ठी काढतील, कागद रद्द करतील. तुमचा टीव्ही तुम्हाला परत. फक्त शनिवारच्या आत व्हायला हवं. शनिवारी कंपनीची गाडी येते आणि पिवळ्या चिठ्ठीचं सगळं घेऊन जाते."

ती निघालीसुद्धा. काकांनी तिला थांबवलं.

"तू नको. त्याला चोर मी म्हणालो, चारचौघांत. सांगेन ते मीच."

ते बाहेर आले. मॅनेजर एका जोडप्याला काहीतरी समजावत होता. काकांना पाहून तो ताठ झाला. आता आणखी काय ऐकावं लागतंय, अशी त्याची मुद्रा. तरी तो अदबीनंच बोलला.

"काय काका? सापडला का मनासारखा?"

फसली नव्हती ती. एवढं एक वाक्य होतं. पट्टी दोनदा का लागते तेही खरंच सांगितलं होतं या माणसानं. काकांनी तोंड उघडलं. जोडप्यातली बाई त्यांच्याकडे बघत होती. बहुधा त्या दिवशीही ती इथं असावी, किंवा नसावी. काकांना सगळेच चेहरे त्या दिवशीचे वाटले.

"बघतोय," ते म्हणाले. "उद्या येतो."

"या. घाई नाही."

घरी भिंतीवर दोन खुंट्या आणि मधे एक उजळ चौकोन राहिला होता. शुक्रवारी जेवण झाल्यावर काका सवयीनं खुर्ची त्याच्यासमोर ओढून बसले. अडीच वाजले. बंद व्हायला काही नव्हतं. शिंपीणबाईंनी दारातून डोकावून विचारलं, "काय ठरलं हो? कुठला घेतलात?"

"ठरतंय," काका म्हणाले.

"तो मॅनेजर काही बोलला का?"

"त्याचं काही नाही. मलाच बोलायचंय."

शिंपीणबाईंना त्यातलं काही कळलं नाही. मशीनवर काम पडलंय म्हणत त्या गेल्या. काकांनी चपला घातल्या, दारापर्यंत गेले, परत येऊन बसले. गाडी उद्या येणार आहे. रिमोट त्यांच्या खिशात आहे. मॅनेजरला सांगायचं अजून राहिलंय.